पापण्यांनी बोलणारी मिला

आपल्यापैकी कितीजणींनी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा केली आहे? आज त्यावरचीच एक कादंबरी सांगते. ती दक्षिण आफ्रिकेतली, आफ्रिकान्स भाषेतली. तिथं जाऊन राहिलेल्या डच लोकांच्या बोलीतून ही भाषा झाली. लेखिका मार्लेन फान नीकेर्क, वर्ष २००४, नाव ‘अगाट’. मी इंग्रजीतून वाचली. जाडजूड आहे, दोन महिने लागले.

मिला ही गोरी शेतमालकीण. शेत आईच्या घराण्यातून आलेलं. शेताच्या नावाचा अर्थच ‘आजीचा उतार’, म्हणजे नदी ओलांडायची जागा. म्हातारपणी तिला असा आजार होतो, की एकेक स्नायू निकामी होतो पण डोकं शाबूत राहतं. हात गेले, वाचा गेली, उरल्या पापण्या. अगाट तक्त्यावरचं एकेक अक्षर दाखवते, हवं ते आलं की मिला पापणी मिटते. असं अक्षराला अक्षर जोडून बोलणं.

अगाट कोण? मजुराची दुर्लक्षित पोर, एक हात अधू. मूल नसलेल्या मिलानं तिला घरी आणलं, लेकीसारखं वाढवलं, लिहा-वाचायला, भरतकाम करायला शिकवलं. मग मिलाला दिवस गेले आणि अगाटची रवानगी मागच्या खोलीत झाली. काळा झगा, पांढरा एप्रन, टोपी. लेकीची मोलकरीण झाली. मिलाचं बाळंतपण घाटरस्त्यात याच पोरीनं केलं, बाळही तिनंच वाढवलं. तेव्हा तिथं वर्णभेदाचे कायदे होते. कुणी कुठं राहायचं ते कातडीच्या रंगावर ठरायचं. पण अगाटला घराबाहेर काढलं ते सरकारनं नव्हे, मिलानं. हे मला फार लागलं.

आता मरण्याआधी मिलाला शेताचे नकाशे बघायचे आहेत. ती डोळ्यांनी विनवते. अगाट भलतंच काहीतरी आणून दाखवत राहते. तिला कळत नाही, की कळूनही ती थांबवते? ती मिलाला न्हाऊ घालते, भरवते, आणि मिलाच्याच जुन्या डायऱ्या तिला मोठ्यानं वाचून दाखवते. मिलाला कान झाकता येत नाहीत. सेवा म्हणायची की सूड? मला वाटतं दोन्ही, आणि एकाच हातानं.

आमच्या गटातली एक ताई सासूबाईंचं सगळं करते. तिला ही गोष्ट सांगितली तर म्हणाली, “आधी त्या चूक शोधायला बघायच्या, आता पाणी मागायला बघतात. दोन्ही नजरा मला ओळखू येतात.”

शेवटी शेत अगाटला मिळतं. मला बरं वाटलं, पण पुरं समाधान झालं नाही. जवळजवळ पुस्तकभर मिलाच बोलते. अगाटच्या मनातलं थोडंफार कळतं ते अगदी शेवटी, मिलाच्या मुलाला झोपवताना ती सांगायची त्या गोष्टीतून. ती गोष्ट पुढच्या वेळी.