हरणाऱ्यांची यादी

आमच्या रावेरला दिवाळीत पाहुणा आला की त्याला आधी केळीची बाग दाखवायची, ही जुनी रीत. यंदा भाची पुण्याहून आली, ती मात्र फराळाचे ताट घेऊन ओसरीवरच ठाण मांडून बसली. संगणकावर आकडेमोड करणे हे तिचे काम. चकली मोडता मोडता तिने विचारले, "मामा, तुम्ही इतकी वर्षे कचेरीत निविदा उघडल्यात. लबाडी ओळखू यायची का हो?"

मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न झोंबला होता. माझी उभी नोकरी तुलनात्मक तक्ते लिहिण्यात गेली. कोणाचा दर किती, सर्वांत कमी कोण, त्याच्या नावापुढे खूण! एका कचेरीत तीन ठेकेदारांची नावे नेहमी बरोबरच येत. लखोटे तीन, अक्षर मात्र एकाच हाताचे. एकदा तर खाडाखोडसुद्धा सारखीच होती. मी ती पाहिली, तक्ता लिहिला आणि सही केली. नियमाला हव्या तेवढ्या निविदा आल्या होत्या ना!

भाचीने भिंतीवरची जुनी दिनदर्शिका काढून तिच्या पाठकोऱ्या बाजूवर टिंबे काढली. "हे एकेक टिंब म्हणजे एकेक ठेकेदार. दोघांनी एकाच कामासाठी निविदा भरली की त्यांच्यामध्ये रेघ ओढायची. पुन्हा दोघे एकत्र आले की तीच रेघ जाड करायची. आणि मामा, नुसते जिंकणाऱ्याकडे पाहू नका, हरणाऱ्यांकडे पाहा."

वाचकहो, सारी मेख येथेच आहे. खरी चढाओढ असते तेथे रेघा चहूकडे फाकतात. आज हा भेटतो, उद्या तो. संगनमत असते तेथे मूठभर टिंबांची घट्ट गाठ बसते आणि बाहेरचे टिंब तिच्यात क्वचितच शिरते. एकाने जिंकायचे आणि बाकीच्यांनी मुद्दाम चढे दर भरून हरायचे. पुढच्या खेपेला पाळी दुसऱ्याची! योहान्नेस वाक्स आणि यानोश कर्तेस या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये हीच रीत वापरून पाहिली. शाळांना दूध पुरविणाऱ्यांची एक टोळी आधीच उघडकीला आलेली होती; ती त्यांच्या नकाशात बरोबर सापडली. मग त्यांनी जॉर्जिया या देशातील २०११ ते २०१६ या काळातील सुमारे दीड लाख सरकारी कंत्राटे तपासली. ज्या गटांची गाठ घट्ट आणि दार बंद, त्यांच्यातच संगनमताच्या इतर खुणाही अधिक आढळल्या.

मी म्हणालो, "अगं, आपल्या रावेरात कोण कोणाचा व्याही, कोण कोणाचा साडू! अशा रेघा ओढल्यास तर सारा गाव गुन्हेगार ठरेल."

"म्हणूनच रेघ हा पुरावा नव्हे," ती म्हणाली. "एखादे काम करणारेच चार असले तर ते चौघेच पुन्हा पुन्हा भेटणार. कोठे खणायचे एवढेच नकाशा सांगतो. खणावे माणसानेच लागते."

तिने पुण्याचेच उदाहरण दिले. तेथील महापालिकेने २०१४-१५ मध्ये कचरा प्रक्रिया प्रकल्पांसाठी निविदा मागविल्या. त्यांत संगनमत झाल्याची तक्रार नागरिक चेतना मंचाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे नेली. चौकशीत दिसले की, एकमेकांविरुद्ध म्हणून आलेल्या निविदा एकाच आयपी पत्त्यावरून भरलेल्या होत्या. दंडात सवलत मिळावी म्हणून कंपन्यांनी स्वतःच माहिती पुढे केली, आणि २०१८ मध्ये आयोगाने त्यांना दंड ठोठावला. माझ्या त्या तीन लखोट्यांवरचे अक्षरच जणू संगणकात शिरले होते!

ठेकेदारा-ठेकेदारांतल्या रेघा झाल्या. पण काम घेणारा आणि काम देणारा यांच्यातही रेघा असतात. आमच्या खानदेशाला ते सांगायला नको. जळगावच्या घरकुल योजनेची फिर्याद २००६ मध्ये नोंदली गेली. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरविले ते ३१ ऑगस्ट २०१९ रोजी. पुढे अपिले उच्च न्यायालयात गेली. निकालालाच तेरा वर्षे लागली! घराची वाट पाहणाऱ्याच्या घरातले लेकरू तेवढ्यात शाळा संपवून बाहेर पडते. कामाचा हुकूम निघण्यापूर्वीच कोणी नकाशा काढून पाहिला तर निदान काही गाठी पैसा जाण्याआधी नजरेस पडतील. त्यासाठी जिंकणाऱ्याबरोबर हरणाऱ्यांची नावेही जपली पाहिजेत आणि लोकांना पाहू दिली पाहिजेत.

भाची गेली. त्या रात्री पणत्या विझल्यावर मी ती दिनदर्शिका पुन्हा उघडली. कोपऱ्यात तीन टिंबे काढली आणि आठवतील तितक्या रेघा ओढल्या. रेघा इतक्या जाड झाल्या की टिंबे दिसेनात. मग क्षणभर थांबून मी शेजारी चौथे टिंब काढले. ते माझे होते.