बलकाचा रंग आणि अंड्याचे सत्त्व

ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, ते आमचे गुरुजी वर्गात कोणीही ठामपणे काही सांगितले, की शांतपणे विचारीत, "हे कशावरून?" पशुवैद्यकाच्या माझ्या व्यवसायात हा प्रश्न मला वारंवार उपयोगी पडला. त्यातील एक प्रसंग येथे सांगतो.

हैदराबादजवळच्या एका खेड्यात लसीकरणासाठी गेलो असता एका गर्भवती भगिनीने अंगणवाडीतून मिळालेले उकडलेले अंडे मला दाखविले. बलक अगदी फिकट, सायीसारखा होता. अशा अंड्यात सत्त्व नसते, गावरान अंडेच खावे, असे तिच्या सासूबाईंचे म्हणणे होते. गावरान अंड्याला जवळजवळ दुप्पट पैसे पडत, आणि घर मजुरीवर चालत होते.

बलकाचा पिवळेपणा कोंबडी स्वतः निर्माण करीत नाही. ल्युटिन, झियाझँथिन इत्यादी रंगद्रव्ये वनस्पतींत असतात. ती खाद्यातून तिच्या शरीरात जातात आणि बलकातील स्निग्धांशात साठतात. पिवळा मका, लसूणघास, हिरवा पाला यांत ती भरपूर असतात. पांढरा मका, ज्वारी, तांदूळ यांत अत्यल्प. मका महागला आणि खाद्यात तांदळाची कणी आली, की बलक फिकटतो. जपानात तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांचा बलक तर जवळजवळ पांढरा असतो. उलटपक्षी खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क मिसळला की तो सोनेरी होतो, लाल मिरचीचा अर्क घातला की नारिंगी. कवचाचा तपकिरी रंग ही आणखी निराळी गोष्ट. तो कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो.

मग रंग म्हणजे जीवनसत्त्व नव्हे काय? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. पिवळ्या मक्यात 'अ' जीवनसत्त्वाचा गुण दिसतो, पांढऱ्यात दिसत नाही, हे अमेरिकेत स्टीनबॉक यांनी 1919 साली दाखविले. त्याच वर्षी पामर आणि केम्पस्टर यांनी जवळजवळ रंगद्रव्यविरहित खाद्यावर कोंबड्या वाढविल्या. त्यांच्या अंड्यांचा बलक फिकट होता, तरी त्यांतून पिल्ले निघाली. हे कोडे 1930 साली टॉमस मूर यांनी सोडविले. पिवळे कॅरोटीन शरीरात गेल्यावर त्याचे 'अ' जीवनसत्त्वात रूपांतर होते, आणि ते जीवनसत्त्व स्वतः जवळजवळ रंगहीन असते. बलकाला मुख्यत्वे रंग देणाऱ्या ल्युटिनपासून तर ते बनतच नाही. खाद्यात जीवनसत्त्व स्वतंत्रपणे मिसळलेले असेल, तर फिकट बलकातही ते पुरेसे असते.

तथापि लोकांची आवड निराधार होती, असे मी म्हणणार नाही. मोकळ्यावर चरणाऱ्या कोंबडीला हिरवा पाला मिळे आणि बलक गडद होई. जंत किंवा आतड्याचा रोग झालेल्या कोंबडीत रंगद्रव्य नीट शोषले जात नाही, म्हणून फिकटपणा कधी आजाराचीही खूण असू शकतो. ल्युटिन मानवी डोळ्याच्या पडद्यावरील पीतबिंदूतही आढळते. त्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु आता रंग खाद्यातून हवा तसा आणता येतो. स्वित्झर्लंडच्या रॉश कंपनीने त्यासाठी 15 छटांचा पंखाच तयार केला होता. जर्मनीत गडद नारिंगी बलक आवडतो, आयर्लंड व स्वीडनमध्ये त्याहून फिकट चालतो. उत्पादक त्या त्या गिऱ्हाइकाप्रमाणे रंग ठरवितो. आपल्याकडे तर पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावरान म्हणून विकल्याचे प्रकारही घडले आहेत. खूण विकत घेता येऊ लागली, की तिची साक्ष दुबळी होते.

त्या भगिनीला मी सांगितले, की 50 ग्रॅमच्या अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात आणि बलक फिकट असल्याने ती कमी होत नाहीत. अंडे ताजे आहे का, हे पाहावे. पाण्यात टाकल्यावर ताजे अंडे तळाशी आडवे राहते, शिळे उभे होते किंवा तरंगते. ते पूर्ण शिजवून खावे. गावरान अंड्यासाठी लागणाऱ्या जादा पैशांत डाळ आणि पालेभाजी आणावी.

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी मला विचारले, "हे कशावरून?" मी वर सांगितलेले सारे त्यांना सांगितले. त्या प्रश्नाला उत्तर देण्याची सवय मला याच शाळेत लागली, याबद्दल मी गुरुजींचा ऋणी आहे.