फुटबॉलमधील जागांची अदलाबदल

नागपूरच्या उत्तर भागांतील जरीपटका ही वस्ती १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांमुळें वाढली. नांव मात्र मराठ्यांच्या जरीच्या निशाणाचें. तें निशाण ज्या सरदाराच्या हवालीं होई, त्याचा मान मोठा असे. फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या आईबापांची समजूत कांहींशी अशीच असते. आघाडीची जागा मानाची, पिछाडीची कमी प्रतीची. आणि मुलास एकदां आघाडी मिळाली कीं तें त्याचें वतन! शिक्षकानें त्याला दोन सामने मागें खेळविलें, तर घरीं कुरकुर सुरू होते.

गंमत अशी कीं तोच मुलगा संध्याकाळीं संगणकापुढें बसला म्हणजे अकरा गड्यांच्या जागा बेधडक बदलीत असतो. 'चँपियनशिप मॅनेजर' हा खेळ पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या इंग्रज बंधूंनीं १९९२ सालीं बाहेर आणला; २००४ पासून त्या मंडळींचा खेळ 'फुटबॉल मॅनेजर' या नांवानें निघूं लागला. त्यांत चेंडूला पाय लावावयाचा नसतो. गडी निवडावे, जागा नेमून द्याव्या आणि सामना चालू असतां हुकूम बदलावे, एवढेंच काम. प्रत्येक गड्याचे गुण १ ते २० अशा आंकड्यांत दिलेले असतात, आणि कोणती जागा त्याच्या कितपत अंगवळणीं पडली आहे हेंहि दाखविलेलें असतें. त्यांतला एक हुकूम असा कीं अमक्या गड्यानें तमक्याशीं खेळतां खेळतां जागा बदलावी. बहुधा हा हुकूम डाव्या व उजव्या कडेच्या आघाडीवाल्यांना दिला जातो.

यांत लाभ काय? समोरचा बॅक अर्धा तास एकाच गड्याशीं झुंजून त्याची चाल ओळखूं लागलेला असतो. इतक्यांत त्याच्यापुढें दुसराच येतो. शिवाय उजव्या पायाचा गडी डाव्या कडेस गेला, कीं तो रेघेलगत धांवण्याऐवजीं आंत वळून गोलाकडे चेंडू मारूं पाहतो. परंतु हा लाभ फुकट मिळत नाहीं. त्या कडेच्या मागील बॅकला ज्याच्या पावलांची संवय झाली होती तो गडी पलीकडे गेलेला असतो. दोघे मैदान ओलांडीत असतां चेंडू हातचा गेला, तर दोन्ही कडा उघड्या पडतात. आणि प्रतिपक्ष माणसाचा पाठलाग न करतां आपापली जागा राखीत असेल, तर अदलाबदलीनें त्याची तारांबळ होण्याचें फारसें कारण उरत नाहीं. नवशिके खेळाडू हें न पाहतां दर सामन्यास हा हुकूम सोडतात. मला तो उतावळेपणा वाटतो.

माणसाचा पाठलाग करणाऱ्याची फजिती पाहावयाची असेल तर २५ नोव्हेंबर १९५३ चा वेंब्ली येथील सामना आठवावा. हंगेरीचा हिडेगकुटी नांवाला मधला फॉरवर्ड, पण खेळला बराच मागें सरून. इंग्लंडच्या हॅरी जॉन्स्टननें त्याच्यामागें जावें तर गोलापुढें खिंडार पडे, न जावें तर हिडेगकुटी मोकळा! हंगेरीनें ६–३ असा विजय मिळविला, आणि त्यांतले तीन गोल याच हिडेगकुटीचे. पुढें ७ जुलै १९७४ रोजीं म्युनिकच्या अंतिम सामन्यांत हॉलंडचा क्रायफ आपल्याच अर्ध्या मैदानांतून चेंडू घेऊन निघाला आणि गोलाच्या चौकटींत पाडला गेला. पेनल्टीवर गोल झाला तेव्हां एकाहि जर्मन गड्याचा पाय चेंडूस लागलेला नव्हता. तरी शेवटीं पश्चिम जर्मनीनेंच २–१ अशी बाजी मारली, हें विसरूं नये.

आपल्याकडील उदाहरण अधिक रोकडें आहे. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई सामन्यांत भारताचा बॅक जर्नेलसिंग याच्या डोक्यास जखम होऊन टांके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनीं त्याला बाहेर न बसवितां आघाडीस घातलें. दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यांत भारत २–१ असा जिंकला. त्यांतला एक गोल जर्नेलसिंगाचा, दुसरा पी. के. बॅनर्जी यांचा. आयुष्यभर फॉरवर्डांना अडविणाऱ्यास, आपण कोठें चुकतों तें बॅकलाच ठाऊक, असें रहीमांनीं मनांत आणलें असल्यास नवल नाहीं.

खरें म्हणजे मराठी मुलाला ही कल्पना परकी वाटूं नये. खोखोंत खो मिळतांच बसलेला गडी धांवणारा होतो आणि धांवणारा त्याच्या जागीं बसतो. तेथें धांवण्याचें वतन कोणाकडेच नसतें. नागपुरांतहि हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनीं २००१ सालीं झोपडपट्टींतील मुलांना घेऊन जो फुटबॉल सुरू केला, त्यांतून पुढें बेघरांच्या विश्वचषकास खेळाडू गेले. त्या स्पर्धेंत एका बाजूस गोलरक्षकासह चारच गडी असतात. तिघांपैकीं एक पुढें धांवला, कीं दुसऱ्यानें तत्क्षणीं त्याची जागा धरावी लागते. तेथें मैदानाबाहेरून कोणी आईबापांनीं 'आमचा मुलगा आघाडीचा' असें ओरडून सांगितलें, तरी तें वाक्य पुरें होईपर्यंत तो पिछाडीस पोंचलेला असतो.