स्टिअरिंगला तेल पाजू नका

गाडी चार-पाच वर्षांची झाली की स्टिअरिंगवर एक पट्टा आधी चकाकायला लागतो, मग करडा पडतो आणि शेवटी खरखरीत होतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नुसता विषय काढा, तीन सल्ले फुकट मिळतात: खोबरेल लावा, बुटाचं पॉलिश मारा, गाडी उन्हात ठेवू नका. पहिले दोन सरळ नुकसान करतात, तिसऱ्यात गुन्हेगारच चुकीचा पकडलाय. तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. स्टिअरिंगवर आपला हात कातड्याला लागतो, असं आपल्याला वाटतं. खरं तर तो रंगाला लागतो.

कारखान्यात चामडं कमावून झालं की त्यावर आधी अस्तराचा थर बसतो, त्यावर रंगद्रव्याचा, आणि सगळ्यात वर पारदर्शक संरक्षक थर, बहुधा पॉलियुरेथेनचा. हे सगळे थर मिळून सहसा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतात. ‘लेदर उडालं’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हा वरचा थर झिजलेला असतो. खालचं चामडं शाबूत असतं. म्हणूनच दुरुस्ती शक्य असते. आणि म्हणूनच तेलाचा उपयोग होत नाही.

तेलाचा सल्ला आला कुठून, हे मात्र समजण्यासारखं आहे. कोल्हापुरी चप्पल घेतली की तिला तेल पाजायचं, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असतं. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही चप्पल बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची. त्यावर रंगाचा बंद थर नसतो, त्यामुळे ते तेल पितं आणि मऊ पडतं. सल्ला चपलेसाठी अगदी बरोबर आहे. स्टिअरिंगचं चामडं वरून बंद केलेलं असतं. थर शाबूत असेल तिथे तेल आत जातच नाही, वर बसून धूळ धरतं. थर गेलाय तिथे जातं, पण मग त्या जागेवर पुढे रंग धरत नाही. खोबरेल काही दिवसांनी खवट वास मारतं तो वेगळाच. महागडं ‘लेदर कंडिशनर’ही बंद थरावर फारसं काही करत नाही, गेलेला रंग तर कुठलंच कंडिशनर परत आणत नाही. बुटाच्या पॉलिशमध्ये मेण आणि रंग असतो. घामाच्या हाताला तो लागतो, तिथून शर्टाला, आणि वळणावर हात घसरतो ते निराळंच. डॅशबोर्ड चमकवायचा सिलिकॉनचा स्प्रेही याच कारणासाठी स्टिअरिंगच्या आसपास फिरकू देऊ नये.

आता उन्हाकडे वळू. बोरिवलीहून रोज दक्षिण मुंबईकडे गाडी नेणाऱ्याचं उदाहरण घ्या. सकाळी वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर तो दक्षिणेकडे जातो, सूर्य पूर्वेला, म्हणजे त्याच्या डाव्या हाताला. संध्याकाळी उत्तरेकडे परततो तेव्हा सूर्य पश्चिमेला, पुन्हा डावीकडेच. ऊनच दोषी असतं तर स्टिअरिंगची डावी बाजू आधी जायला हवी होती. पण गिअरवाल्या गाड्यांची स्टिअरिंगं पाहा, झीज बहुतेक उजवीकडे असते, घड्याळातल्या एक ते तीनच्या मध्ये. घाटकोपर ते मुलुंड एल.बी.एस. मार्गावर पहिला-दुसरा गिअर करत सरकताना डावा हात गिअरवर असतो आणि स्टिअरिंग एकट्या उजव्या हाताच्या हवाली. तिथे घाम लागतो, त्वचेचं तेल लागतं, सनस्क्रीन लागतं, अंगठी घासते. शिवाय पुढची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते; तो पापुद्रा जवळजवळ सगळी अतिनील किरणं अडवतो. उघड्यावर गाडी उभी करणाऱ्यांनी सनशेड लावावीच, कारण उष्णतेने थर कडक होऊन तडकतात. पण उन्हाची खूण वेगळी असते: चाकाचा वरचा सगळा कमान-भाग सारखाच फिका पडतो. एकाच ठिकाणी पट्टा पडला असेल तर ते हाताचं काम.

हातावरून सॅनिटायझरची आठवण होते. २०२० नंतर गाडीत बसताना सॅनिटायझर चोळायचा आणि ओल्या हाताने स्टिअरिंग धरायचं, ही सवय अनेकांना लागली. त्यात ६० ते ८० टक्के अल्कोहोल असतं, आणि ते वरच्या संरक्षक थराला मऊ करतं. रंग देण्याआधी कारागीर मुद्दाम अल्कोहोलच्या बोळ्याने पृष्ठभाग पुसतात, ते याच गुणामुळे. हात कोरडे होईपर्यंत थांबलं तरी पुरतं.

रंगाकडे वळण्याआधी मात्र स्टिअरिंग धुवा. नवं लेदर चकाकत नाही, ते मंद दिसतं. चकाकी म्हणजे बहुतेक वेळा साठलेला मळ. लेदर क्लीनरचा किंवा सौम्य साबणाचा नुसता फेस मऊ ब्रशवर घ्या, पाणी ओतू नका, हातभर भाग घासा आणि पांढऱ्या फडक्याने टिपा. फडक्यावर चहाच्या गाळासारखा तपकिरी डाग उतरतो. शिलाईच्या टाक्यांमधून तर काळी ओळच निघते. फडकं स्वच्छ निघेपर्यंत हेच करायचं. ‘रंग गेलाय’ म्हणून आणलेल्या कित्येक स्टिअरिंगांचं काम इथेच संपतं.

त्यानंतरही करडा डाग उरला तर रंग द्यावा लागतो. पण आधी ते चामडं आहे की नाही, एवढं पाहा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांवर ‘लेदर’ म्हणून पीयू (कृत्रिम चामडं) किंवा रेक्झिन असतं. चामडं झिजलं की त्याचे बारीक तंतू दिसतात, बोटाला लव लागते. पीयूचे पापुद्रे निघतात आणि खाली कापड दिसतं. दमट हवेत पीयू आतून तुटत जातं, चिकट होतं. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे हा त्रास उपनगरांना नवा नाही. पापुद्रे निघालेल्या पीयूवर कुठलाही रंग टिकत नाही. तिथे नवं चामडं शिवून घेणं हाच उपाय. दुकानात मिळणारं आयतं चढवायचं कव्हर हा उपाय नव्हे. ते वळताना सरकतं, आणि आत घाम कोंडून पावसाळ्यात भुरी धरते.

चामडं असेल तर काम असं चालतं. उठलेले तंतू ८०० ते १००० नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलक्या हाताने बसवायचे, भेगांत फिलर भरायचा, अल्कोहोलने पुसायचं, बटणं आणि हॉर्नचा भाग टेपने झाकायचा. मग पाण्यात मिसळणारा लेदरचा रंग स्पंजने, एकावर एक पातळ हात देत. एकदाच जाड थोपलात तर पहिल्या आठवड्यात सोलतो. स्टेशनरीतला अ‍ॅक्रिलिक रंग इथे चालत नाही, हाताच्या चोळण्याने तो निघून येतो. काळा रंगही एकच नसतो. कंपनीचा काळा पुष्कळदा गडद राखाडी निघतो, म्हणून चाकाच्या खालच्या बाजूला, सहाच्या आकड्याशी, आधी लावून पाहावा. शेवटी मॅट संरक्षक थर, हार्डनर मिसळून. हा थर दिला नाही तर बाकी सगळी मेहनत फुकट. काम झाल्यावर निदान एक दिवस गाडी चालवायची नाही. पावसाळ्यात थर नीट सुकत नाहीत, दिवाळी ते होळीचे दिवस त्यासाठी बरे.

‘स्टिअरिंग काढल्याशिवाय काम नीट होत नाही’ असं कुणी गॅरेजमध्ये म्हणालं तर नको म्हणा. रंगासाठी ते काढावं लागत नाही, आणि चामडं शिवणारेही बसल्या जागी शिवतात. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, आणि ती हॉर्नच्याच पॅडखाली असते. चाक काढायचंच झालं तर बॅटरी सोडून, काही मिनिटं थांबून, एअरबॅगचं काम जाणणाऱ्यानेच हात घालावा. परत बसवल्यावर डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा विझला नाही, तर गाडी तिथून हलवू नका.