सातबारा उघडा, माणूस सापडला

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात कोणाची किती जमीन, हे पूर्वी तलाठी सांगे किंवा पारावर कळे. आता महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा हिंगोली, तालुका सेनगाव, गाव गोरेगाव निवडायचं आणि आडनाव टाकायचं. शोधणारा कोण, याची फारशी चौकशी होत नाही.

सातबाऱ्यावर नुसतं क्षेत्र नसतं. खातेदार, सहहिस्सेदार, पीक आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजाही असतो. म्हणजे कर्ज कोणत्या बँकेचं, हे पुण्यात बसलेल्या अनोळखी माणसालाही दिसतं. या माहितीला मतदार यादीतलं वय, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक जोडा. पीएम-किसानची गावनिहाय यादी जोडा. यातला एकही कागद चोरलेला नाही, सगळे सरकारीच. मग “कर्जमाफीचं काम आहे, ओटीपी सांगा” असा फोन आला, की तो खरा वाटणारच. फोन करणाऱ्याला बँकेचं नावही ठाऊक असतं!

जमिनीच्या नोंदी उघड्या असाव्यात, याबद्दल माझी तक्रार नाही. फसवे व्यवहार त्यामुळेच अडतात. पण नोंद उघडी असणं वेगळं, ती आडनावावरून शोधता येणं वेगळं.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2023 मध्ये डेटा संरक्षण कायदा झाला. आपल्या हातात मात्र थोडंच: आधारची झेरॉक्स देताना पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी, ओटीपी कोणालाही सांगू नये. पैसे गेलेच, तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन.