अतिदक्षता विभाग आणि हातांची तयारी

अतिदक्षता विभागाची स्वतंत्र जबाबदारी घेणाऱ्या डॉक्टरला श्वासनलिकेत नळी घालण्याचे, म्हणजे इंट्युबेशनचे, कौशल्य सर्वप्रथम यावे लागते. कारण गंभीर रुग्णाच्या रक्तातील प्राणवायू अल्पावधीत धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. नळी चुकून अन्ननलिकेत गेली नाही ना, हे केवळ छातीची हालचाल पाहून निश्चित होत नाही, म्हणून उच्छ्वासातील कार्बन डायॉक्साइड मोजणाऱ्या कॅप्नोग्राफी यंत्राचा आलेख वाचता येणे हा त्या कौशल्याचाच अविभाज्य भाग आहे. मानेतील मोठ्या शिरेत औषधांसाठी नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, घालताना स्वीडिश क्ष-किरणतज्ज्ञ सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरली जाते: आधी सुई, तिच्यातून लवचीक तार, मग सुई काढून तारेवरून नळी. शेजारीच मेंदूकडे जाणारी धमनी असल्याने सोनोग्राफीच्या चित्रात सुईचे टोक सतत पाहणे आणि संपूर्ण निर्जंतुकता पाळणे, या सवयी सुरुवातीपासूनच अंगवळणी पडायला हव्यात. छातीत साचलेली हवा नळीने काढण्याची वेळ क्वचित येते, पण आल्यावर थांबता येत नाही. अशा क्रियांची केवळ संख्या नोंदवहीत भरणे अपुरे आहे. पुतळ्यावरील सराव आणि वरिष्ठांनी प्रत्यक्ष पाहून दिलेला निर्वाळा प्रत्येक प्रशिक्षण केंद्राने बंधनकारक करावा.