बोट बधिर कोण करते?

आपण मनीषनगरहून वर्धा रोडने निघालो की वर्ध्याजवळ दत्तपूर आहे. मनोहर दिवाण यांनी १९३६ साली तेथे कुष्ठधाम सुरू केले.

कुष्ठरोगात बोटे बधिर का होतात? जंतू चेतातंतूंना वेढणाऱ्या पेशींत दडतात. त्यांच्या मागावर टी-पेशी व भक्षक पेशी तेथे जमतात. चेता सुजते, पण तिचे आवरण फारसे ताणत नाही, म्हणून आतले तंतू चेपतात. म्हणजे बरीच इजा आपलेच रक्षक करतात! जंतू मेल्यावरही हा दाह उसळू शकतो. बधिरता आल्यापासून सहा महिन्यांच्या आत प्रेडनिसोलोन सुरू झाल्यास संवेदना परतू शकते.

वर्गात कोणाच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला, तर आपण त्याला लगेच दवाखान्यात पाठवू या.